सासूबाईंचं गाणं आणि कपाटावरची पेटी

चोपड्याजवळच्या एका गावातून आलेलं पत्र थोडं कमी करून देते आहे.

«मावशी, माझं वय ४१. मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. मिस्टरांची केळीची बाग आहे. लाईट बहुतेक रात्रीची असते, म्हणून ते दोन वाजता मोटर चालू करायला मळ्यात जातात आणि माझीही झोप उडते. मग मोबाइल हातात घेते. कुणी सुंदर रांगोळी काढतं, कुणी गातं, कुणी डोंगरावर बसून चित्रं रंगवतं. पाहता पाहता चार वाजतात आणि मन पहिल्यापेक्षा कोरडं होतं. लग्नाआधी मी पेटी शिकले होते, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. पेटी माहेरून आणली, ती कपाटावर आहे. सतरा वर्षांत पाच-सहा वेळा खाली काढली असेल. सासूबाई दिवसभर काहीतरी गुणगुणतात, कानबाई देवीचं, गौराईचं, सगळं अहिराणीत. मला आता त्याचाही त्रास होतो. सगळे म्हणतात, लहान लहान गोष्टींत आनंद शोध. मावशी, मला त्या दिसतच नाहीत. माझ्यातलं ते संपलं का? मला अगं-तुगंच करा, बरं वाटेल.»

लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी पेटीपाशी थांबले, दुसऱ्या वेळी रात्रीच्या दोन वाजता. तिसऱ्या वेळी सासूबाईंच्या गुणगुणण्यापाशी थांबले आणि मग तिथून हललेच नाही.

आधी एक विचारते, आणि मनापासून विचारते. हा कोरडेपणा फक्त गाण्याच्या बाबतीत आहे, की जेवणाची चव, मुलांचं बोलणं, माहेरचा फोन, सगळंच फिकं झालंय? दोन-तीन आठवडे सलग तसं वाटत असेल, कारण नसताना रडू येत असेल, मोटर चालू करायची नसते त्या रात्रीही झोप लागत नसेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर रात्रीसुद्धा बोलता येतं. त्यात कमीपणा नाही. मनाचं दुखणं पेटी वाजवून बरं होतं असं मी कुणालाच सांगणार नाही.

तसं नसेल, तर पुढचं वाच.

मी धुळ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरं बसवायचे. सुरुवातीची काही वर्षं माझी एक चूक होत होती. तासाला चांगलं, पूर्ण रंगवलेलं चित्र फळ्याला लावायचे, वाटायचं पोरांना हुरूप येईल. व्हायचं उलटंच. पोरं चित्राकडे बघायची, मग स्वतःच्या कागदाकडे बघायची, आणि पेन्सिल खाली ठेवायची. एकदा चित्र घरीच विसरलं, म्हणून फळ्यावर खडूने बैल काढायला घेतला. पाय चुकला, पुसला, पुन्हा काढला, शिंगं वाकडी झाली. मागे वळून पाहते तर सगळ्या वर्गाच्या माना वह्यांत. त्या दिवशी मला जे कळलं ते आजवर खोटं ठरलेलं नाही. पूर्ण झालेली वस्तू माणसाला लांब ठेवते. घडत असलेली वस्तू जवळ बोलावते.

रात्री दोन वाजता तू जे बघतेस ते सगळं पूर्ण झालेलं असतं. रांगोळी संपलेली, सूर लागलेला, रंग वाळलेला. कुणाचाही हात चुकताना तुला दिसत नाही. दोन तास ते पाहून मन कोरडं झालं तर त्यात तुझा काय दोष? माझ्या वर्गातली पोरं एका चित्राने पेन्सिल खाली ठेवायची, तू तर रोज शंभर बघतेस.

आणि त्याच घरात दिवसभर एक गोष्ट घडत असते. तुझ्या सासूबाई गातात. शब्द विसरतात, दुसरे घालतात, ओळ अर्धी सोडून दुधाकडे धावतात, पुन्हा मधूनच उचलतात. असंच असेल ना? तुला त्याचा त्रास होतो, यावरूनच मला कळलं की तुझ्यातलं काही संपलेलं नाही. ज्याचा कान मेला त्याला गुणगुणण्याचा त्रास होत नाही, त्याला ते ऐकूच येत नाही. तुझा मध्यमा पूर्ण झालेला कान तो सूर रोज पकडतो, आणि आपली पेटी कपाटावर आहे हे त्याच वेळी तुला आठवतं. बोचतं ते हे. माझा अंदाज चुकला असेल तर तसं कळव, पण मला तो बराचसा बरोबर वाटतो.

आपल्या भागातल्या एका सासूची, एका आईची गोष्ट तुला माहीत आहेच, पण ती वेगळ्या बाजूने बघ. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीतच वैधव्य आलं, घर आणि शेत दोन्ही अंगावर. दळताना, निंदताना, चुलीपुढे त्यांच्या ओव्या व्हायच्या. आपण नेहमी त्यांचं कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. मला मात्र अलीकडे सारखं वाटतं ते त्या घरातल्या ऐकणाऱ्यांविषयी. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक जण यांनी त्यातलं जमेल तेवढं लिहून घेतलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ साली संग्रह आला. जे लिहून घेतलं गेलं नाही ते जात्याच्या घरघरीबरोबरच गेलं. त्या घरातही कुणाला तरी आईच्या गुणगुणण्याचा कंटाळा येत असेलच की! तरी कुणीतरी कान दिला.

तुझ्या सासूबाई बहिणाबाई आहेत असं मी म्हणत नाही. पण कानबाईच्या रात्री बायका जी गाणी गातात ती गावागणिक बदलतात, घरागणिक बदलतात. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या दळणाची वेगळी, कानबाई बसवतानाची वेगळी, सोमवारी नदीवर नेतानाची वेगळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी तर अर्धी माहेरच्या नावांनीच भरलेली असतात. तुझ्या सासूबाईंच्या गाण्यात त्यांच्या आईचं गाव असेल, एखाद्या भावाचं नाव असेल. तू विचारलंस कधी?

आता कामाचं बोलू.

पेटी रविवारी खाली काढ. सतरा वर्षं कपाटावर म्हणजे धूळ, आणि आपल्याकडचा उन्हाळा, म्हणजे लाकूड वाळलेलं. भात्याच्या घड्या उघडून बघ, उंदराने कुरतडलं आहे का, हवा कुठून निसटते आहे का. एखादा सूर बोट उचललं तरी वाजत राहील, एखादा वाजणारच नाही. घाबरू नकोस, पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे हे नेहमीचं काम आहे. तोवर जे सूर वाजतात तेवढ्यांवर भागव.

पहिल्या दिवशी परीक्षेतलं काहीही वाजवू नकोस. राग आठवून बघायला बसलीस तर तानांच्या जागी भोकं सापडतील आणि पेटी पुन्हा वर जाईल. त्यापेक्षा सासूबाई भाजी निवडत बसल्या असतील तिथे पेटी घेऊन बस आणि त्यांची पट्टी शोध. काळी एक आहे, पांढरी चार आहे, की दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी आहे? म्हाताऱ्या आवाजाला पेटीची पट्टी माहीत नसते, तो स्वतःच्या सोयीने षड्ज धरतो. तुला तो पकडायचाय. मग त्या जे गातात ते किती सुरांत फिरतं ते बघ. आपली घरातली गाणी बहुधा चार-पाच सुरांतच घर करून राहतात. तू भूप शिकलीस तेव्हा मध्यम आणि निषाद वगळून पाच सुरांत सगळं कसं मावतं याचं नवल वाटलं असेल. इथे तेच नवल, फक्त कुणी परीक्षा घेणार नाही.

जवळ एक वही ठेव. शब्द जसे कानावर येतील तसे लिही. अहिराणीतले 'शे' आणि 'से' शुद्ध मराठीत बदलू नकोस. हे रोज करायचा नेमही करू नकोस, तुझ्या दिवसात आधीच नेम फार आहेत. रविवारी करावंसं वाटलं तर पुरे. आणि तुमचं दोघींचं मुळातच पटत नसेल, पत्रात तसं काही दिसलं नाही पण असू शकतं, तर शेजारच्या एखाद्या आजीकडे जा. गाणाऱ्या आज्या आपल्या गावांत अजून आहेत.

रात्रीचं अवघड आहे, ते मी समजते. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, उशाशी नको. झोप आली नाही तर ओट्यावर येऊन बस. मळा जवळ असेल आणि मन झालं तर एखाद्या रात्री मिस्टरांबरोबर जा, पायात बूट घालून, हातात बॅटरी घेऊन. केळीचं नवं पान सुरळी होऊन वर येतं आणि हळूहळू उलगडतं. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत एक नवं पान, म्हणजे कुठल्याही रात्री गेलीस तरी बागेत कुठेतरी एखादं अर्धं उलगडलेलं असणारच. बाग निसवली, घड बाहेर पडू लागले, की केळफुलाची एक एक पाकळी वर होते आणि खाली फण्या दिसतात. बागायतदाराच्या घरात तू सतरा वर्षं आहेस, हे मी तुला सांगावं असं नाही. पण हिशेबाशिवाय, घडाचं वजन किती भरेल हे मनात न आणता, तू बागेत शेवटची कधी उभी राहिलीस?

माझंही सांगते. आई गेली तेव्हा मी दोन वर्षं ब्रश धरला नाही. शाळेत शिकवायचे, घरी कोरा कागदसुद्धा नकोसा व्हायचा. एका अधिकमासात शेजारी मांडे करायला बायका जमल्या. चुलीवर उलटं खापर, आणि एक साठीची बाई पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करत होती, मनगटापासून पार कोपरापर्यंत. एक मांडा फाटला. तिने तो बाजूला टाकला आणि दुसरा गोळा घेतला, चेहऱ्यावर काही नाही. मी तिच्या कोपराकडे बघत राहिले. मांडा अंगावर येतो तेव्हा कोपर किती किंचित वळतं, ते. रात्री घरी येऊन दुधाच्या हिशेबाच्या कागदामागे ते कोपर काढलं. चांगलं आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं.

आणि कधी एक दिवस मोकळा मिळाला तर दोन ठिकाणं सांगते. एक चाळीसगावचं, स्टेशनाजवळचं छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं घर. १९८९ साली ते गेले. आयुष्याची सुमारे पाच दशकं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. घरातल्याच साध्या वस्तू टेबलावर मांडायचे, त्यांच्यावर उजेड असा पाडायचे की फोटोत एखादं निसर्गदृश्य उभं राहायचं. बाहेर पडायला मिळत नाही म्हणून काही सुचत नाही, असं मला वाटायला लागलं की मला ते टेबल आठवतं. त्यांच्यासारखं घरात कोंडून घ्यावं असं मात्र मी कुणालाच म्हणणार नाही. ते त्यांचं दुःख होतं, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दुसरं अजिंठा. जळगावहून साठेक किलोमीटर, म्हणजे आपल्याला अंगणच. सगळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभे राहतात, तूही राहा, तो आहेच तसा. पण मी पोरांना मुद्दाम रंग उडालेल्या भिंतींपाशी न्यायचे. तिथे आतला गिलावा दिसतो, माती, भुसा, शेण. आपल्या आज्या भिंती लिंपायच्या त्याच घरातलं सामान. त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी. निळा रंग तेवढा फार लांबून, अफगाणिस्तानाकडच्या दगडातून आलेला. मग चोविसाव्या लेण्यात जायचे, ते अर्धवट राहिलेलं आहे. छिन्नीचे घाव अजून तसेच आहेत, छतापासून खाली कोरत कसे आले ते कळतं. तिथे पोरं गप्प व्हायची. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, हे सोडून गेले तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल का?" मला उत्तर देता आलं नाही, पण परतीच्या बसमध्ये तिने खिडकीशी बसून वही काढली आणि जळगाव येईपर्यंत बंद केली नाही.

तू काउंटरवर बसतेस, तिथेही दिवसभर माणसं येतात. एखादी म्हातारी पैसे मोजताना आकडे गाण्यासारखे म्हणते का, ते ऐक. मला असा एक आवाज माहीत आहे, बाजारात लिंबं विकणाऱ्या बाईचा. पाच-पाच मोजताना ती दर पाचव्यावर सूर खाली आणायची.

पेटी दुरुस्त होऊन आली की मला पुन्हा लिही. कशी वाजतेस ते कळवलं नाहीस तरी चालेल. सासूबाईंची पट्टी कोणती निघाली ते मात्र नक्की कळव, आणि त्यांच्या गाण्यात कुठल्या गावाचं नाव येतं तेही.

तुझी मावशी