खरा ख्रिस्ती पुरुष कसा असतो? पुरुषांच्या शिबिरात शिकवतात ते बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला वर्ष झालं, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुरुषांबरोबर लोणावळ्याला शिबिराला जाऊन आलात. तिथे सांगितलं की नवरा घराचं मस्तक, शेवटचा शब्द त्याचा, आणि पुरुषाने घरात हळवं होऊ नये. हे घरी येऊन सांगितल्यापासून बायको नीट बोलत नाही. पुन्हा जावं का, असं तुम्ही विचारताय.

मी पुण्यातल्या नाना पेठेत वाढलो, आता एक्कावन्न वर्षांचा आहे. तुमचा राग नाही, पण त्या शिकवणीचा मला फार राग आहे. का, ते सांगतो.

1989 च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच. ससूनमधून तिला घरी आणलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, दादा सतराचा. पप्पा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. दिवसा शेजारच्या मावशी येऊन बसायच्या, पण सकाळ, संध्याकाळ आणि रात्र पप्पांची. अकरा वर्षं.

वेणीचं तेवढं सांगतो. आईचे केस कमरेपर्यंत होते. सगळे म्हणाले कापून टाका, तेवढंच काम कमी. पप्पांनी आईला विचारलं. तिने डावा हात डोक्यावर ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. विषय तिथेच मिटला. मग पप्पा मावशींकडून तीन पेडांची वेणी शिकले. पहिले काही दिवस दुपारच्या आत सुटायची. नंतर हात बसला. आईला भिंतीला टेकवून बसवायचं, खांद्यावर टॉवेल, तळहातावर खोबरेल, कंगवा दातांत धरलेला. गुंता टोकाकडून सोडवत वर यायचं, कारण मुळाकडून ओढलं तर तिला दुखणार आणि तिला ते सांगता येणार नाही. शेवटी रबराचे दोनच वेढे. तिसरा दिला की झोपताना केस ताणतात, हे त्यांनी तिच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखलं होतं. दिवसभर मशीनवर चालणारे हात होते ते, बोटांच्या भेगांत काळं कायमचं बसलेलं.

पप्पा तेव्हा आमच्या मंडळीच्या कमिटीवर होते. रविवारी उपासनेला जायचे, पण आईला भरवायची वेळ झाली की आशीर्वादाच्या आधीच उठायचे. एकदा कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमच्यासमोर त्यांना सांगितलं, “बाई ठेवा कामाला. तुम्ही बायकोच्या वेण्या घालता, पोरं काय शिकतील? ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काय ठेवणार?” वचन खरंच आहे, बायबलमधलं तीमथ्याला पहिलं पत्र, तिसरा अध्याय. पुढच्या वेळी कमिटीच्या यादीत पप्पांचं नाव नव्हतं. पप्पा एक शब्द बोलले नाहीत. घरी आले आणि वरणाला फोडणी दिली.

आणि मी? मित्र आले की मी आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचो. हे लिहायला मला आजही जड जातं.

आता शास्त्राचं. तुमच्याही शिबिरात करिंथकरांस पहिलं पत्र 16:13 वाचलं असणार, “मर्दासारखे वागा, खंबीर व्हा.” बहुतेक फलकावरही असेल. चौदावं वचन वाचलं का? तुम्ही जे काही करता ते सगळं प्रीतीने करा, असं लगेच पुढे आहे. इफिसकरांस पत्राचंही तेच. पाचवा अध्याय बावीसपासून वाचतात, बायकांनी अधीन असावं इथून. एकवीसमध्ये पत्र लिहिणारा प्रेषित पौल सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो, आणि पंचवीसमध्ये नवऱ्याला जे सांगतो ते हुकूम चालवायला नाही, जीव द्यायला सांगतो. येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर उगारलेला दोऱ्यांचा कोरडा या शिबिरवाल्यांना पाठ असतो. पण पुनरुत्थान झालेला प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून, रात्रभर जाळी ओढून दमलेल्या माणसांना न्याहारीला बोलावतो, तो योहानाचा एकविसावा अध्याय पुरुषांच्या शिबिरात मी एकदाही ऐकलेला नाही.

हे मर्दानी ख्रिस्तीपण मुळात आपलं नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली, थॉमस ह्यूज यांच्यासारख्यांना वाटू लागलं की धर्म फार मऊ झालाय, तरुणांना कणखर करायला हवं. मग खेळ, व्यायाम आणि विश्वास यांची मोट बांधली गेली. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना 1844 मध्ये लंडनला निघाली ती कामगार तरुणांच्या प्रार्थनेसाठी, पण पुढे तिच्यातही व्यायामशाळा आल्या. बास्केटबॉल 1891 मध्ये अमेरिकेतल्या तिच्याच प्रशिक्षण शाळेत जन्मला. त्यात वाईट काही नाही, मीही खेळलोय. पण 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाने प्रॉमिस कीपर्स नावाची ख्रिस्ती पुरुषांची संघटना काढली, स्टेडियम भरभरून पुरुष जमवले, आणि नवऱ्याने घराची सूत्रं परत हातात घ्यावीत ही भाषा तिथे रुजली. आज लोणावळ्यात मराठीतून ऐकू येते ती बरीचशी तीच.

आपल्याकडे काय होतं? मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं नवरा ख्रिस्ती आणि बायको नाही. त्या काळात, त्या समाजात! टिळक तापट होते, विक्षिप्त होते, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काही लपवलेलं नाही. पण बायकोचा विश्वास हुकमाने बदलत नाही, एवढं त्यांना कळत होतं. याच टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं. आपण ती भजनं लहानपणापासून म्हणतोय, आणि शिबिरात जाऊन ऐकतो की हळवेपणा बायकी.

पप्पा 2011 मध्ये गेले. माती देऊन आलो त्या रात्री दादा म्हणाला, “पप्पा माणूस चांगला होता, पण पुरुष म्हणून खचलेला. घरात कधी नेतृत्व केलं नाही त्यांनी.” दादा आता दुसऱ्या मंडळीत आहे आणि अशीच शिबिरं घेतो. दर नाताळला आमचा हा वाद होतो, करंज्यांची ताटं तशीच राहतात.

एक मात्र कबूल करतो. अशा शिबिरांतून दारू सुटलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्या बायका आजही देवाचे आभार मानतात. पुरुषांनी एकत्र बसून मन मोकळं करणं चांगलंच, आपल्यात ते फार कमी होतं. आणि पप्पाही काही संत नव्हते, कधीकधी आमच्यावर उगाच खेकसायचे. तुमच्या शिबिरातले वक्ते कसे आहेत ते तुम्हीच जाणता.

जायचं तर जा. पण आधी बायकोसमोर बसून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकवीसपासून वाचा आणि तिला काय वाटतं ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. शिबिरात विचारा की नवरा मस्तक आहे तर आजारी बायकोचं शौचाचं भांडं कोण धुणार. उत्तर कसं येतं त्यावर पुढचं ठरवा.

दादा इथे वाचतो, मला माहीत आहे. दादा, तुझ्या डिप्लोमाची तीन वर्षं रोज पहाटे साडेपाचला तुझा डबा कोणी भरला, ते पुढच्या शिबिरात उभं राहून सांग. पोळ्या कोणी लाटल्या तेही सांग.