मळभ की सावट?

प्रश्न असा आलाय की ‘दुष्काळाचं मळभ’ हे बरोबर की ‘दुष्काळाचं सावट’, आणि मळभ म्हणजे शेवटी ढगच ना?

ढगच, पण कुठलेही ढग नाहीत. वळवाच्या आधी काळंकुट्ट आभाळ भरून येतं, विजा चमकतात, त्याला कोणी मळभ म्हणत नाही. मळभ म्हणजे एकसारखा करडा थर, त्याला ना आकार ना कडा, आणि सूर्य असलाच तर घासलेल्या काचेमागे असल्यासारखा फिकट दिसतो. मळ अधिक अभ्र अशी फोड सांगतात ती अर्थाला अगदी चपखल बसते. हवामानवाले आकाशाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकलेत ते ऑक्टामध्ये मोजतात, ८ ऑक्टा म्हणजे सगळं झाकलेलं, पण त्यांच्या अंदाजात ‘ढगाळ’ एवढंच येतं, मळभ काही येत नाही.

यातून पाऊस पडेलच असं नाही, पडला तरी बऱ्याचदा नुसती भुरभुर. पण न पडताही त्रास होतोच. ऐन थंडीत मळभ आलं की जमिनीची उष्णता रात्री वर निसटत नाही, ढग त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात आणि थंडी पळते. कोकणात तेव्हा आंब्याला मोहोर असतो, चार दिवस असं राहिलं की तुडतुडे ही कीड नि भुरी हा बुरशीचा रोग पडेल या भीतीने बागायतदार फवारणीच्या मागे लागतात.

आता लाक्षणिक अर्थ. दोन भाऊ वाटणीवरून वर्षभर बोलत नव्हते, गणपतीत एका पंगतीला बसले आणि मनातलं मळभ दूर झालं, इथे शब्द फिट्ट बसतो कारण माया मुळात होतीच, फक्त झाकली गेली होती. गैरसमजाचं, संशयाचं, उदासीचं मळभ चालतं ते याच कारणाने. पण ‘वडील गेले आणि घरावर मळभ आलं’ हे मला फारच मिळमिळीत वाटतं, तिथे डोंगरच कोसळतो.

सावटाचं वेगळं आहे. त्यात सावली आहे, म्हणजे काहीतरी वाईट जवळ येऊन उभं आहे आणि त्याची भीती आत्ताच पडलीय. (गंमत म्हणजे दाट मळभात सावली पडतच नाही.) म्हणून पाऊस लांबला की दुष्काळाचं सावट, मंदीचं सावट, युद्धाचं सावट. आणि निवडणूक हरल्यावर कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर असतं ते मळभ, कारण व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तेव्हा दुष्काळाच्या बाबतीत सावटच हवं.

क्रियापदंही सांभाळा. मळभ येतं, धरतं, दाटतं, मग सरतं, हटतं, दूर होतं. परवा एका बातमीत ‘निराशेचं मळभ कोसळलं’ वाचलं, ते आधी दुरुस्त करा!