ओळखीच्या माणसाच्या मेलमधली वर्ड फाईल उघडली पण 'एनेबल कंटेंट' दाबलं नाही, तरी व्हायरस आला असेल का?

बहुतेक नाही आला, कारण अशा फाईलमधला मॅक्रो (फाईलच्या आत लपवलेला छोटा प्रोग्राम) ते बटण दाबल्याशिवाय चालत नाही आणि खरा व्हायरस नेटवरून खाली ओढायचं काम तो मॅक्रोच करतो. इमोटेट नावाचा व्हायरस असाच पसरायचा, २०१४ ला बँकेची माहिती चोरणारा म्हणून आला, पुढे ज्याच्या पीसीत शिरेल त्याचे जुने मेल चोरून त्याच संभाषणाला रिप्लाय म्हणून फाईल पाठवायला लागला, त्यामुळे नाव ओळखीचं, विषय ओळखीचा, संशय येणार कुठून! जानेवारी २०२१ मध्ये युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि बऱ्याच देशांच्या पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी नोव्हेंबरात परत हजर. फक्त एक, ऑफिस जुनं आणि अपडेट न केलेलं असेल तर माझं 'बहुतेक नाही' धरू नका, ऑफिसच्या इक्वेशन एडिटरमध्ये (गणिती सूत्रं लिहायचा भाग) २०१७ ला सापडलेली चूक वापरून व्हायरस मॅक्रोशिवायच शिरू शकतो. आत्ता एवढं करा:

- फाईल डिलीट, विंडोजमधल्या डिफेंडर अँटीव्हायरसचा फुल स्कॅन
- ऑफिस अपडेट
- त्या माणसाला फोन करून विचारा, मेलला रिप्लाय नको