रमी सुटली, पण हात काही थांबेना

प्रश्न : ताई नमस्कार, वय ३६, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला आहे. दोन वर्षं ऑनलाइन रमी खेळलो, दीड लाखाला बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आणला तेव्हा वाटलं सुटलो एकदाचा, पण महिन्याभरात शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग चालू झालं, आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघालोय आणि मधेच काहीबाही ऑर्डर पण करतो. पार्सल बायकोला दिसू नये म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर मागवतो, टेबलाखाली दोन खोकी न फोडता तशीच पडलीत. यंदा गड्ड्याच्या जत्रेत पोरगी खांद्यावर होती तरी एक हात खिशातल्या मोबाईलवरच. ही तीन व्यसनं म्हणायची का चार, आणि आधी कुठलं सोडू?

उत्तर : भाऊ, पत्र वाचताना मी त्या दोन खोक्यांपाशीच थांबले. ज्याला वस्तू हवी असते तो पार्सल आल्या आल्या फोडतो, तुम्हाला वस्तू नकोच होती, ऑर्डरचं बटण दाबतानाचा तो क्षण हवा होता. रमीत पुढचं पान, ट्रेडिंगमध्ये पुढचा भाव, रील्समध्ये पुढचा व्हिडिओ, सगळीकडे तेच, आता काहीतरी भारी येईल. रोज मिळत नाही, कधीतरीच मिळतं, आणि त्या ‘कधीतरी’नंच सवय सगळ्यात घट्ट होते, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं प्रयोग करून फार पूर्वी दाखवलंय. म्हणून तीन का चार हे मोजत बसू नका, एक बीळ बुजवलं की उंदीर दुसरीकडनं निघतोय एवढं तुम्हाला दिसलंय ते पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत जुगार आणि गेमिंग हे आजार म्हणून आहेत, रील्स आणि खरेदीला तसं वेगळं नाव नाही, पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. ट्रेडिंगचं मात्र स्पष्टच सांगते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. रमीत गेलेलं भरून काढायला तुम्ही तिथं बसत असाल तर तो जुगारच आहे भाऊ, अभ्यास नव्हे.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, मन कसं आहे ते. सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं का, पोरीवर उगाच ओरडता का, जेवणात चव लागते का? उदासीनता, सततची धास्ती, कधी लहानपणापासूनची एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि उतावीळपणा, हे अशा सवयींबरोबर खूपदा असतं. कुणाचं मन आधी खचतं आणि तो मोबाईलमध्ये तोंड लपवतो, कुणाचे पैसे बुडतात आणि मग मन खचतं, पुढं दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. मनाच्या आजारावर उपचार न करता नुसतं ॲप डिलीट केलं की पंधरा दिवसांत दुसरं ॲप येतं.

आठ दिवस खिशात छोटी वही ठेवा. मोबाईलकडे हात गेला की वेळ लिहा आणि त्याच्या आधी काय झालं ते लिहा, मालक बोलला, हप्त्याचा मेसेज आला, काहीही. ती वही घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं सीबीटी नावाचं समुपदेशन असतं, त्याचा जुगाराच्या सवयीला चांगला उपयोग होतो, उदासीनता असेल तर गोळ्याही देतील. त्या नशेच्या गोळ्या नसतात, फक्त स्वतःच्या मनानं मधेच बंद करू नका. कर्जाचा खरा आकडा बायकोला तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडनं कळण्याआधी, आणि काही महिने पगाराचं खातं तिच्या हातात द्या. मी नसलो तर बरं असं मनात येत असेल तर वहीची वाट बघू नका, त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्रीअपरात्री लागतो, मराठीत बोलतात.

आणि ती खोकी आजच घरी न्या, बायकोसमोर फोडा, परत करता येतील ती परत करा. भांडण होईल, होऊ द्या.