ट्विलिंगेटला एकटीनं ट्रेलर नेताय? आधी मागचा सायकल रॅक काढा

नमस्कार ताई. तुम्ही विचारलंय की टोरांटोहून न्यूफाउंडलंडला, लहानपणीच्या ट्विलिंगेट बेटावर, जूनमध्ये एकटीनं ट्रेलर घेऊन जायचंय, तर सोलर पॅनल किती वॅटचं घ्यावं आणि मुक्काम कुठे करावा. त्याची उत्तरं खाली आहेत, पण मी लिहायला बसलो ते तुमच्या एका वाक्यामुळे. "हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) लावला की एसयूव्ही मागून बसायची, म्हणून ई-बाइक आणि जनरेटर ट्रेलरच्या मागच्या बंपरवरच्या रॅकवर टाकले, आता गाडी छान सपाट दिसते." हीच चूक मी केली होती आणि मला ती सगळ्यांत महाग पडली. वर हा सल्ला मला ट्रेलर विकणाऱ्यांच्या सर्व्हिस काउंटरवर मिळाला होता, पैसे देऊन. नाव घेत नाही.

गाडी सपाट झाली कारण ट्रेलरचा पुढचा भाग हलका झाला. गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्या बॉलवर येणारं वजन, म्हणजे टंग वेट, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. 10 च्या खाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. हळू चालवताना हे कळत नाही. नव्वद-शंभरच्या वेगात, उतारावर, बाजूनं वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की एकदम कळतं.

तुमच्यासारख्या एका एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीच्या, ट्रेलरचा हिशोब मांडतो. भरलेला ट्रेलर 3,800 पाउंड, टंग वेट 430, म्हणजे 11 टक्क्यांच्या वर. ठीक. बॉलपासून एक्सल 14 फूट. आता एक्सलच्या मागे 10 फुटांवर रॅक, सायकल आणि जनरेटर मिळून 150 पाउंड टाका. पुढून 150 गुणिले 10 भागिले 14, म्हणजे 107 पाउंड कमी होतात. राहिले 323, आणि एकूण वजन झालं 3,950. टक्केवारी 8.2. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे तीन फुटांवर असेल आणि 120 लिटर भरून निघालात, तर आणखी 265 पाउंड मागे चढले, पुढून 57 गेले. आता 266 भागिले 4,215, म्हणजे 6.3 टक्के. एक सायकल, एक जनरेटर आणि थोडं पाणी, एवढ्यानंच ट्रेलर धोकादायक झाला. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर उलट होतं, म्हणून आधी वाकून टाकी कुठे आहे ते बघा.

शिवाय बऱ्याच ट्रेलरचा तो मागचा चौकोनी बंपर म्हणजे सांडपाण्याचा पाइप ठेवायची पातळ नळी असते. रॅक तिला धरून हलत राहतो आणि वेल्डिंग तडकतं.

मग गाडी मागून बसते त्याचं काय? त्यावर उपाय वेट डिस्ट्रिब्युशन हिच. त्याचे स्प्रिंग बार वजनाचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर ढकलतात. काही एसयूव्हींना हा हिच चालत नाही, तेव्हा आधी गाडीची पुस्तिका बघा. आणि बॉलची उंची अशी ठेवा की ट्रेलर सपाट किंवा नाक किंचित खाली राहील. नाक वर असेल तर डोलणं वाढतं. सामान एक्सलच्या आसपास आणि खाली ठेवा. मागे ठेवलेल्या वजनाला तोलायला तेवढंच पुढे भरलं तर टक्केवारी बरोबर येते, पण दोन्ही टोकं जड झालेला ट्रेलर एकदा डोलायला लागला की थांबता थांबत नाही.

विकणारे "ड्राय वेट" सांगतात. त्यात गॅस, बॅटरी, पाणी, ताटवाट्या काहीच नसतं, कधी कधी एसीसुद्धा नसतो. तो आकडा विसरा. "तुमची गाडी 5,000 पाउंड ओढते" हाही अर्धाच आकडा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. समजा त्यावर पेलोड, म्हणजे गाडीवर टाकता येणारं वजन, 1,250 पाउंड आहे. त्यातून टंग वेट 480, हिच 80, तुम्ही, कुत्रा, डिकीतलं सामान हे सगळं वजा होतं. रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीमागच्या चौकटीवर, टंग वेटची वेगळी मर्यादा कोरलेली असते, ती 500 असेल तर तुम्ही काठावर आहात. एकट्या जाताय याचा इथे मात्र फायदा आहे, कुटुंबाचं वजन धरावं लागत नाही.

मोजायचं घरी. न्हाणीघरातला वजनकाटा घ्या, त्याच जाडीची एक वीट घ्या आणि मजबूत लाकडी तुळई घ्या. दोन्हींवर एकेक पाइपचा तुकडा ठेवून त्यांवर तुळई टाका. दोन पाइपांमधलं अंतर बरोबर तीन फूट. जॅकचा पाय विटेच्या पाइपापासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. काटा दाखवेल त्याला तीननं गुणा. तुळईमुळे काटा जे दाखवतो ते आधी वजा करा. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, ट्रेलर सपाट, आणि प्रवासात असेल तसंच सामान भरलेलं. रिकामा ट्रेलर मोजून काही कळत नाही. निघाल्यावर हायवेवरच्या ट्रकच्या काट्यावर एकदा खात्री करा: गाडी ट्रेलरसकट पण बार न लावता, मग फक्त गाडी. गाडीच्या दोन एक्सलच्या बेरजेतला फरक म्हणजे टंग वेट.

मी मेकॅनिक नाही. तुमच्या ट्रेलरची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगनं ट्रेलरचा पाठलाग करू नका. हात सरळ, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचला, आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं, ड्रायव्हरजवळचं उपकरण) हाताचा लिव्हर सरकवा म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतील. तो लिव्हर न बघता हाताला सापडला पाहिजे. मोकळ्या पार्किंगमध्ये दहा वेळा सराव करा. कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरानं लागावेत ते, तिथेच लावा: ताशी 40 च्या आसपास लिव्हर पूर्ण दाबायचा, ट्रेलरची चाकं जाम होतील इतका गेन वाढवायचा, मग जरा कमी करायचा. सामान भरल्यावर परत.

एवढं वाऱ्याबद्दल लिहितोय त्याला कारण आहे. नोव्हा स्कॉशियातल्या नॉर्थ सिडनीहून साधारण सात तासांनी फेरी न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्क बंदराला लागते, आणि केप रे ओलांडलं की लगेच रेकहाउस नावाची जागा येते. आग्नेयेचा वारा उजवीकडच्या डोंगरांवरून खाली कोसळतो, ताशी 160 ते 200 किलोमीटरपर्यंत. इथे रेल्वेचे डबे रुळांवरून उडालेत, भरलेले ट्रक आडवे झालेत. रेल्वेनं लॉकी मॅकडूगल नावाच्या तिथल्याच माणसाला वाऱ्याचा अंदाज सांगायला पगारावर ठेवलं होतं. आजही हवामान खात्याच्या इशाऱ्यांत रेकहाउसचं नाव वेगळं येतं. इशारा असेल तर पुढे जाऊ नका. केप रेजवळ, रेकहाउसच्या आधीच, जे. टी. चीझमन प्रांतिक उद्यान आहे, तिथे रात्र काढा. वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवाच. वाऱ्यामुळे फेऱ्याही रखडतात आणि मग सगळ्यांची बुकिंगं एकमेकांवर चढतात. खर्च आणि 16 तास झेपत असतील तर उन्हाळ्यात बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाणारी आर्जेंशियाची फेरी घ्या. रेकहाउस टळतं, आणि तिथून ट्विलिंगेट जवळही पडतं.

फेरीच्या बुकिंगला लांबी गाडीच्या नाकापासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंतची, जिभेसकट. ट्रेलरच्या नावातला "19" हा आकडा लांबी नव्हे, स्वतः टेप धरा. कमी लिहिलीत तर बंदरावर जादा पैसे, किंवा जागा नसेल तर पुढची फेरी. गॅसचे व्हॉल्व्ह बंद करावे लागतात आणि समुद्रात असताना गाडीपाशी जाऊ देत नाहीत. म्हणजे गॅसवरचा फ्रिजही बंद, तेव्हा तो आदल्या रात्रीच गार करून ठेवा, वर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, दार उघडू नका. गाडीचा अलार्म बंद करा, नाहीतर जहाज हललं की बोंबलतो.

बाकी भराभर. ट्रेलरचे टायर नक्षी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदला. बाजूवरच्या तारखेचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. बऱ्याच ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी 105 असते. नट पहिल्या 80 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. ट्रेलरला चालणारा जॅक वेगळा न्या, गाडीचा उपयोगी पडत नाही. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार साखळ्यांना नाही, गाडीलाच वेगळी अडकवा. मागे घेताना सांगायला कोणी नसणार, तेव्हा दहा वेळा उतरून बघायची लाज बाळगू नका. ट्रेलर सुटा करण्याआधी चाकांना ठोकळे, आधी ठोकळे, मगच बॉलवरचा कपलर उघडायचा.

अंधार पडला की गाडी चालवू नका. 1904 मध्ये न्यू ब्रन्सविकहून आणून सोडलेल्या चार मूसची, म्हणजे प्रचंड हरणांची, प्रजा आता लाखाच्या घरात आहे. लांब काळे पाय हेडलाइटमध्ये दिसत नाहीत, आणि धडकेत धड सरळ काचेवर येतं. पोर्ट ओ बास्कपासून ट्विलिंगेट सुमारे 600 किलोमीटर आहे, एकटीनं दोन दिवसांत करा, मध्ये डियर लेकच्या आसपास थांबा.

सोलर: जूनमध्ये तिथे धुकं फार, 200 वॅटच्या पॅनलच्या भरवशावर राहू नका. रात्री पाच-सहा अंश असतं. फर्नेसचा, म्हणजे ट्रेलरमधल्या हीटरचा, पंखा रात्रभरात चार तास चालला आणि पाच अँपिअर खाल्ले तरी 20 अँपिअर-तास गेले. साध्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतले वापरता येतात निम्मेच. त्या पैशांत 100 ची लिथियम घ्या आणि दर तिसरी रात्र वीजजोडणी असलेल्या कॅम्पच्या जागेवर काढा. जनरेटर घरी ठेवलात तर वजनाचा प्रश्नही सुटतो.

मुक्कामाला न्यू वर्ल्ड आयलंडवर, व्हर्जिन आर्मजवळ प्रांतिक उद्यान आहे. नाव इथे लिहीत नाही, नकाशावर वाचा आणि हसून घ्या. ट्रेलर तिथेच ठेवा आणि पुढे नुसती गाडी न्या. 1973 च्या कॉजवेमुळे, म्हणजे समुद्रातल्या भरावामुळे, आता ट्विलिंगेटपर्यंत रस्ता आहे, पण जुन्या घराकडच्या गल्ल्या ट्रेलर वळवण्यासाठी नाहीत. पुण्याला फोन करायचा तर हिशोब सोपा: दोन्हीकडे अर्ध्या तासाचं घड्याळ, त्यामुळे उन्हाळ्यात फरक बरोबर आठ तासांचा.

शेवटचं. आईच्या परसातली मूठभर माती आणायची आहे असं तुम्ही लिहिलंय. ती आणता येणार नाही. बेटाच्या मातीत बटाट्याचा वॉर्ट रोग आणि सूत्रकृमी आहेत, म्हणून बटाटे, मातीसकट रोपं आणि माती बाहेर न्यायला बंदी आहे. परतीच्या फेरीआधी पोर्ट ओ बास्कला गाड्या तपासतात, चिखल असेल तर धुवायला लावतात. त्यासाठी एक तास जादा धरा, चाकांच्या आतली बाजू आणि ट्रेलरची पायरी आदल्या दिवशीच धुवा, उरलेले बटाटे तिथेच भाजी करून संपवा.