शुभवर्तमानं कोणी, कोणासाठी लिहिली?

प्रश्न: येशूची कथा एकच, मग शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, चार का? ती मत्तय, मार्क, लूक, योहान यांनीच लिहिली का?

उत्तर: मूळ मजकुरात लेखक स्वतःचं नाव सांगत नाहीत. ही चार नावं इ.स. १८०च्या सुमारास इरेनियस या ख्रिस्ती बिशपच्या लेखनात एकत्र भेटतात. वाचक कोण होते, हे ताडायला मला मार्कचा सातवा अध्याय फार आवडतो. यहुदी जेवणाआधी हात का धुतात, हे तो मध्येच थांबून समजावतो. म्हणजे त्याचे वाचक बहुतेक यहुदी नसावेत. मत्तय हात धुण्यावरून झालेला तोच वाद सांगतो, पण खुलासा गाळतो. घरच्यांना घरचे रिवाज कोण सांगत बसतं? लूक थियफिल नावाच्या व्यक्तीला उद्देशून लिहितो. आधी अनेकांनी लिहिलंय, हेही प्रांजळपणे सांगतो. योहान तर हेतूच सांगून टाकतो: तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून.