नकाशा-सर्वेक्षणवाल्यांच्या संस्थेत नवे पदाधिकारी आले म्हणजे नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बडोद्यात सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात. सरांनी मोजणी-नकाशा क्षेत्रातल्या प्रादेशिक संस्थेचं सभासद व्हायला सांगितलं. तुम्ही तिचं वार्तापत्र चाळलंत तर नवे अध्यक्ष, नवे सचिव, एक कार्यशाळा आणि शालश्रीफळ. तेव्हा या संस्था प्रत्यक्षात काही करतात का, आणि अध्यक्ष बदलल्यानं कुणाला काय फरक पडतो?

मी दांडिया बाजारात राहतो. मोजणीच्या कामात बावीस वर्षं झाली. अशाच एका संस्थेत आधी नुसता सभासद होतो, मग कार्यकारिणीत आलो, आणि गेली चार वर्षं सहसचिव आहे. त्यामुळे हे उत्तर आतल्या माणसाचं आहे. फरक पडतो, आणि कधीकधी फार मोठा पडतो. पण तो वार्तापत्रातल्या फोटोत सापडणार नाही.

आधी चौकट सांगतो. देशपातळीवरची काही नावं तुमच्या कानावर येतीलच. सुदूर संवेदनवाल्यांची, म्हणजे विमान-उपग्रहांवरून जमीन टिपणाऱ्यांची संस्था 1969 मध्ये देहरादूनला सुरू झाली, नकाशाकारांची इंडियन नॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन 1979 मध्ये हैदराबादला, आणि इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्सचं मुख्य ठाणं आपल्या शेजारी अहमदाबादेत. मोठ्या संस्थांच्या गावोगावी शाखा असतात, शिवाय आमच्यासारख्या स्थानिक संस्था. वर्षाचे दिवसही ठरलेले. 10 एप्रिल हा सर्वेक्षण दिवस. 12 ऑगस्टला विक्रम साराभाईंची जयंती, तो सुदूर संवेदन दिवस. नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा दिवस. त्या त्या दिवशी व्याख्यान, शाळकरी मुलांची नकाशा-स्पर्धा, क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरची कार्यशाळा. वार्तापत्रात हेच दिसतं, कारण याचेच फोटो निघतात.

आता 10 एप्रिलचंच बघा. 1802 मध्ये त्या दिवशी विल्यम लॅम्बटननं भारताच्या मोठ्या मोजणीसाठी मद्रासला पहिली आधाररेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची अंतरं काढतात ती रेघ, मोजायला घेतली. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि 1823 मध्ये वाटेतच, आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. तो 1843 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा ते अँड्र्यू वॉकडे गेलं. त्याच खात्यातले गणिती राधानाथ सिकदारांनी आकडेमोड केली आणि 1856 मध्ये एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचा 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला. चोपन्न वर्षं, तीन प्रमुख, आणि काम एकच. हे साधलं ते निरीक्षणांच्या वह्या एका हातातून दुसऱ्या हातात नीट गेल्या म्हणून. मध्य भारतातल्या सिरोंजची आधाररेषा आधी साखळीनं मोजलेली होती. एव्हरेस्टला तिच्यावर भरवसा वाटेना, म्हणून त्यानं 1837-38 मध्ये धातूच्या पट्ट्या वापरून ती पुन्हा मोजली. जुने आकडे हातात होते म्हणून तर नवे त्यांच्याशी ताडून बघता आले. आमच्या क्षेत्रात ‘नवे पदाधिकारी’ या शब्दांचा मला कळलेला अर्थ हा आहे: वह्या कुणाकडे आल्या, आणि आलेल्या माणसानं त्या उघडल्या का.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलीमीटर पाऊस पडला, विश्वामित्री नदी गावात शिरली. पाणी ओसरल्यावर आमच्या दहा-बारा सभासदांनी आपणहून भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा लेव्हल मशीननं, म्हणजे उंचीतला फरक काढायच्या दुर्बिणीनं मोजल्या. चांगलं काम होतं. पण सगळ्या नोंदी एकाच लॅपटॉपवर राहिल्या. पुढे कार्यकारिणी बदलली, लॅपटॉप बंद पडला, आणि फील्डबुकं, म्हणजे जागेवर लिहिलेल्या वह्या, कुणाच्या घरच्या माळ्यावर गेली ती गेलीच. कुणाची नियत वाईट नव्हती. सोपवायचं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण तशी संधी हवी तेव्हा येत नाही, आणि येऊही नये.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस पुन्हा पूर आला. विश्वामित्रीवरच्या काला घोडा पुलाखाली 25 फूट ही धोक्याची पातळी, यावेळी आकडा 35 च्या वर गेला. त्या दिवसांत सगळं शहर एकमेकांना फोन करून एकच विचारत होतं, ‘पुलाखाली किती झाले?’ पण पुलाखालचे 30 फूट म्हणजे तुमच्या गल्लीत घोट्यापर्यंत की कंबरेपर्यंत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो पुलाजवळच्या मोजपट्टीवरचा आकडा. तुमच्या उंबऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे आर.एल., माहीत असेल तरच दोन्हींची सांगड बसते. सर्व्हे ऑफ इंडियाचा 46 एफ/3 हा आपल्या शहराचा 1:50,000 चा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, घेऊन बघा. आपलं गाव इतकं सपाट की दोन समोच्च रेषांच्या मधे अख्खं उपनगर बसतं. पुराला मात्र अर्ध्या मीटरचाही फरक पुरतो. तेव्हा हे मोजायचं तर पायी फिरूनच.

त्यावेळचे आमचे अध्यक्ष सरकारी मोजणीतून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्याच रविवारी सगळ्यांना बोलावलं. एका जुन्या इमारतीच्या जोत्यावरच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेपासून सुरुवात केली, मशीन लावत, मागचं आणि पुढचं रीडिंग (बॅकसाइट-फोरसाइट) घेत नदीकडे गेलो आणि फिरून त्याच खुणेवर परत आलो. चार किलोमीटरच्या फेरीला 24 मिलीमीटरपर्यंत चूक चालते, आमची 17 आली. काकांनी तरीही एक टप्पा पुन्हा करायला लावला, कारण तिथं स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, ओल्या मातीवर धरला होता. मगरींमुळे काठाच्या खाली कुणी उतरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरला. विश्वामित्रीच्या मगरी तुम्हाला सांगायला नकोत.

एका घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोसायटीतलं तळमजल्याचं घर, भिंतीवर छातीच्या उंचीवर ठळक तपकिरी रेघ. आम्ही स्टाफ लावला, रीडिंग घेतलं, वहीत लिहायला लागलो. तेवढ्यात आतून आजी आल्या. म्हणाल्या, ‘अरे, ही रेघ नव्हे. पाणी उतरताना इथं दोन दिवस थांबलं, त्याची आहे ही. खरं पाणी वर होतं, देव्हाऱ्यातल्या समईला लागलं होतं.’ आम्ही देव्हाऱ्याच्या फळीवर बॅटरी मारली. पिठासारखा बारीक गाळ, आणि समईच्या बैठकीवर नखाएवढा पुसट पट्टा. स्विचबोर्डाच्या वरच्या कडेलाही तोच गाळ, त्याच उंचीला. मोजलं तर ठळक रेघेपेक्षा 43 सेंटीमीटर वर. त्या दिवसापासून आम्ही घरोघरी ठळक रेघ बाजूला ठेवून आधी माणसांना विचारायला लागलो, आणि आधीच्या नऊ खुणा परत जाऊन तपासल्या. त्यांतल्या चार बदलल्या. पाणी जिथं जास्त वेळ थांबतं तिथं डाग ठळक पडतो, सर्वांत उंच चढतं तिथं नाही, हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो.

अशा साठेक खुणा झाल्या. ज्या सोसायट्यांनी मागितलं त्यांना आम्ही एक पान दिलं: तुमच्या फाटकाच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा पुलाखालचा आकडा साधारण किती असतो. ‘साधारण’ हा शब्द ठळक छापला, कारण नदीला उतार असतो, आणि गटारातून उलटं येणारं पाणी आधीच पोचतं.

पुढच्या जूनमध्ये वार्षिक सभा झाली. काकांचा कार्यकाळ संपला, नव्या अध्यक्षा आल्या. त्या भूगोलाच्या प्राध्यापिका आहेत, गुजराती आहेत, आम्ही मराठी सभासदही त्यांना बेनच म्हणतो. नवीन कार्यकारिणी आली की कागदोपत्री बरंच असतं. बँकेत सह्या बदलायच्या, आणि विश्वस्त संस्था असेल तर नव्वद दिवसांत चॅरिटी कमिशनरकडे बदलाचा अर्ज द्यायचा. बरेच जण यालाच सूत्रं हाती घेणं म्हणतात. बेननी पहिल्या बैठकीत विचारलं, ‘पुराचं रजिस्टर कुठाय?’ काकांनी ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. फील्डबुकांच्या झेरॉक्स, प्रत्येक खुणेचा फोटो, घरमालकानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत, आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या प्रती. बेननी पुढच्या रविवारी पाच खुणा निवडल्या, आणि पहिल्या फेरीत जे नव्हतेच अशा तिघांना त्या मोजायला पाठवलं. चार जुळल्या. पाचवी का जुळत नाही ते बघायला काका स्वतः गेले, पद नसताना. घरमालकानं मधल्या काळात पायरी बांधली होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रविवारी दिसलं.

कार्यशाळांबद्दल तुमच्या मनात आहे की त्या नुसत्या दाखवायच्या असतात. काही असतात, खोटं कशाला सांगू. प्रोजेक्टरवर चार तास सॉफ्टवेअरचे मेनू दाखवले तर हाताशी काहीच लागत नाही. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारा जीएनएसएस रिसीव्हर मैदानात लावला आणि मुलांना उंची वाचायला सांगितली. उणे वीस मीटरच्या आसपास आली. एक मुलगा घाबरून म्हणाला, ‘सर, मशीन बिघडलं, बडोदं समुद्राच्या खाली कसं असेल?’ मशीन ठीक होतं. उपग्रहावरून येणारी उंची पृथ्वीचा आकार म्हणून गणितात धरलेल्या लंबगोलापासून मोजलेली असते, आणि आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठ त्या लंबगोलाच्या पन्नास मीटरांहून जास्त खाली आहे. तो फरक मिळवला की बडोदं पुन्हा पस्तीस-चाळीस मीटरवर येतं. तो मुलगा आज कामाला लागलाय, आणि कुठल्याही आकड्यापुढे ‘कुठल्या पायापासून?’ हे लिहिल्याशिवाय वही मिटत नाही. अशी एक दुपार मिळाली तरी वर्षाची वर्गणी वसूल.

तुमच्यासारख्यांनी आता यायला हवं असं मला वाटतं, त्याला कारण आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशाविषयक धोरण मोकळं झालं, भारतीय माणसाला आणि कंपनीला आधी लागायच्या त्या परवानग्या बऱ्याच गेल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नक्शा’ योजनेखाली 152 शहरांत शहरी जमिनीची मोजणी सुरू झाली. कामं वाढतायत आणि हवाई छायाचित्रं भराभरा येतायत. पण आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या दस्तावर विभाग, टिका नंबर, सिटी सर्व्हे नंबर असं लिहिलेलं असतं, आणि दोन वाड्यांमधली सामाईक भिंत कुणाची, हे वरून दिसत नाही. ते दारात उभं राहून विचारावं लागतं. हे विचारायचं कसं, ते जुन्या माणसांबरोबर चार दिवस हिंडल्यावर येतं. आणि जुनी माणसं अशा संस्थांमध्येच भेटतात.

तेव्हा सभासद होण्याआधी त्यांच्या सचिवांना एकच विचारा: मागच्या कार्यकारिणीनं सुरू केलेलं कोणतं काम तुम्ही पुढे चालवताय? उत्तरादाखल रजिस्टर, फाइल किंवा एखादा नकाशा समोर आला तर लगेच फॉर्म भरा. नुसती कार्यक्रमांची यादी आली तर अजून एखादं वर्ष थांबा, व्याख्यानांना बाहेरूनही जाता येतं.

आमचं म्हणाल तर मे महिन्यात, पावसाच्या आधी, पुराच्या खुणांची पुढची फेरी आहे. रविवारी सकाळी साडेसहाला कमाटीबागेच्या फाटकाशी जमतो. टोपी, पाण्याची बाटली आणि पेन्सिल आणा. पेन नको, हाताला घाम आला की वहीतली शाई फुटते. मशीन आमच्याकडे आहे. स्टाफ सरळ धरायला मात्र नेहमी एक माणूस कमी पडतो.